रस्ता खराब, भुर्दंड गाडीवाल्याला : झिजलेलं सस्पेन्शन ओळखायचं कसं आणि भरपाई द्यायची कुणी?

पाऊस ओसरला की सीमाभागातल्या गॅरेजसमोर गाड्यांची रांग लागते. बेळगाव असो, निपाणी असो, चंदगड असो की घाटाखाली साखळी-डिचोली, तक्रार एकच असते : पुढून टकटक आवाज येतोय, बघा जरा. मिस्त्री गाडी जॅकवर घेतो, चाक हलवून बघतो आणि यादी सांगतो. लिंक रॉड गेलाय, लोअर आर्मचा बुश फाटलाय, एका बाजूचा शॉकअप ओला आहे. मालक मान डोलावतो, पैसे मोजतो आणि पुन्हा त्याच रस्त्याला लागतो.

दरवर्षीचं आहे म्हणून ही गोष्ट बातमीत येत नाही. खड्ड्यामुळे माणूस गेला तर बातमी होते, आंदोलन होतं, कधी कोर्टाचा आदेशही येतो. पण त्याच खड्ड्यांनी हजारो गाड्यांच्या पोटाखालचे भाग खिळखिळे केले, तर तो खर्च कुठल्याच सरकारच्या खात्यावर लिहिला जात नाही. तो गुपचूप गाडीवाल्याच्या खिशातून जातो. शिवाय हा प्रश्न नुसत्या पैशाचा नाही. सस्पेन्शन म्हणजे गाडी मऊ चालावी म्हणून केलेली सोय, हा समज चुकीचा आहे. टायर रस्त्याला चिकटून राहायला हवा आणि तो चिकटवून ठेवण्याचं काम सस्पेन्शन करतं. टायर रस्त्यावरून उडायला लागला की ब्रेकही नीट लागत नाही आणि स्टीअरिंगही ऐकत नाही. घाटातल्या ओल्या वळणावर याचा अर्थ काय होतो, ते वेगळं सांगायला नको.

चार वाटा, अनेक मालक

बेळगावहून बाहेर पडायच्या वाटा बघितल्या की दुखणं कुठं आहे ते कळतं. कोल्हापूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ संकेश्वर, निपाणी, कागलमार्गे जातो. त्यावर सहापदरीकरणाची कामं, वळवलेले सर्व्हिस रोड आणि अर्धवट जोड यांचा त्रास. गोव्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ७४८ खानापूर, रामनगर, अनमोड घाट, मोलेमार्गे फोंड्याला उतरतो. २०२५ च्या पावसाळ्यात अनमोड घाटात रस्त्याचा भाग खचला आणि जड वाहनांवर बंदी घालावी लागली. तिसरी वाट जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाटाने केरी-साखळीला जाते. तिच्यावरचा कुसमळीचा मलप्रभेवरचा जुना पूल काढून नवा बांधण्याचं काम याच वर्षी झालं. चौथी बेळगाव-वेंगुर्ला वाट. हिंडलगा, सुळगा, बाचीपर्यंत ती कर्नाटकात, शिनोळीपासून महाराष्ट्रात आणि पुढे आंबोलीतून सावंतवाडीकडे.

म्हणजे एकाच दिवसाच्या प्रवासात गाडी दोन-तीन राज्यांच्या सार्वजनिक बांधकाम खात्यांच्या आणि केंद्राच्या रस्त्यावरून जाते. हद्द बदलली की डांबराचा रंग बदलतो, हा तर नेहमीचा अनुभव. तक्रार करायला गेलं की प्रत्येक जण पुढच्या हद्दीकडे बोट दाखवतो. गाडीच्या बुशला मात्र हद्द कळत नाही. त्याने खाल्लेले सगळे मार एकाच खात्यावर जमा होतात.

त्यात हवामानाची भर. आंबोलीत वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कणकुंबीचा पट्टाही प्रचंड पावसाचा. खड्डा पाण्याने भरला की त्याची खोली दिसत नाही. घाटमाथ्याची जांभ्याची तांबडी माती चिकट. ती सांध्यांवरच्या फाटक्या रबरातून आत शिरली की ग्रीस धुऊन जातं आणि लोखंडावर लोखंड घासायला लागतं.

झिजतं ते नेमकं काय?

आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अॅब्झॉर्बर, गॅरेजच्या भाषेत शॉकअप, एकाच खांबात बसवलेले. मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा पोलादी भाग. बोलेरोसारख्या गाड्यांना आणि मालवाहू पिकअपना मागे पाटे असतात.

गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकअपचं काम स्प्रिंगची उसळी थांबवण्याचं. शॉकअप नसेल तर एका खड्ड्यानंतर गाडी झोपाळ्यासारखी हलत राहील. लोअर आर्म चाकाला जागेवर धरून ठेवतो. तो चॅसीला जिथे जोडलेला असतो तिथे रबराचे बुश असतात आणि चाकाच्या बाजूला बॉल जॉइंट. बॉल जॉइंटमुळे चाक वरखालीही होतं आणि वळतंही. वळणावर गाडी एका कुशीवर झुकू नये म्हणून अँटी-रोल बार असतो. त्याला स्ट्रटशी किंवा लोअर आर्मशी जोडणारी बारीक दांडी म्हणजे लिंक रॉड. स्ट्रटच्या डोक्यावर रबराचं माउंट आणि बेअरिंग असतं, त्यावर तो वळतो. स्टीअरिंगचं बळ चाकापर्यंत नेणारा टाय रॉड एंड तसा स्टीअरिंगचा भाग, पण मार तोही तितकाच खातो.

यात सगळ्यात आधी जातात ते रबराचे आणि छोट्या सांध्यांचे भाग. लिंक रॉडची किंमत शेकड्यात, लोअर आर्मची हजारात. पण छोटा भाग वेळेत बदलला नाही की मोठा भाग आणि त्याच्या पाठोपाठ टायर खराब होतात. खर्च वाढतो तो या साखळीने.

आवाज ऐका, भाग ओळखा

गाडी आपली तक्रार आवाजातून सांगते. तो नीट सांगता आला तर गॅरेजमध्ये नको ते भाग बदलले जात नाहीत.

कमी वेगात, बारीक खडबडीत रस्त्यावर पुढून सतत टकटक होत असेल तर पहिला संशय लिंक रॉडवर. ब्रेक मारताना किंवा रिव्हर्स घेऊन पुन्हा पुढे निघताना एकदाच 'कट्' असा आवाज आला तर लोअर आर्मचा बुश. जागेवर स्टीअरिंग फिरवताना कर्रकर्र आवाज आणि स्प्रिंग उडाल्यासारखा झटका जाणवला तर स्ट्रटचं वरचं माउंट किंवा त्यातलं बेअरिंग. मोठ्या खड्ड्यात धाडकन लोखंडी आपटल्याचा आवाज म्हणजे शॉकअप थकलाय आणि गाडी तळाला टेकतेय. वेगाबरोबर वाढत जाणारी घूंघूं सस्पेन्शनची नसते, ती बहुधा व्हील बेअरिंगची किंवा वेडावाकडा झिजलेल्या टायरची असते.

आवाज न करताही काही खुणा दिसतात. महामार्गावर ट्रक शेजारून गेला की गाडी नको तितकी डुलते. ब्रेक मारला की नाक जमिनीला लागल्यासारखं वाटतं. सरळ रस्त्यावरही स्टीअरिंग सतत सावरावं लागतं. गाडी एका बाजूला ओढते. वंटमुरी किंवा तवंदी घाट उतरताना ही लक्षणं चटकन कळतात, कारण उतारावर सगळं वजन पुढच्या चाकांवर येतं.

दारात उभ्या गाडीची तपासणी

गॅरेजला जाण्याआधी चार गोष्टी घरीच बघता येतात.

पहिली, टायर. चाकाची आतली किंवा बाहेरची एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडलंय, आणि त्यामागे बुश किंवा टाय रॉड सैल असू शकतो. टायरवरून तळहात फिरवल्यावर उंच-सखल वाट्यांसारखे खळगे लागले तर टायर रस्त्यावर उड्या मारतोय. तेव्हा शॉकअप बघायला हवा. आतली कड उभ्या गाडीत दिसत नाही. स्टीअरिंग पूर्ण वळवून बघावी.

दुसरी, उंची. गाडी सपाट जागेवर, रिकामी उभी करायची. चारही चाकांत हवा बरोबर आहे याची खात्री करायची. मग जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावून डावी-उजवी बाजू मोजायची. फरक ठळक असेल तर एका बाजूची स्प्रिंग बसली आहे किंवा तुटली आहे.

तिसरी, दाबून बघणं. बोनेटच्या कोपऱ्यावर जोर देऊन सोडायचं. गाडी वर येऊन स्थिरावली तर ठीक, दोन-तीनदा हलत राहिली तर शॉकअप संपला. पण याला मर्यादा आहे. शॉकअप अर्धा गेलेला असला तरी या परीक्षेत पास होऊ शकतो. नापास झाला तर नक्की खराब, पास झाला म्हणून चांगला असं नव्हे.

चौथी, तेल. शॉकअपच्या अंगावर तेलाचा पुसट थर आणि त्यावर धूळ असणं नेहमीचं. तेलाचे ओघळ उतरलेले असतील, थेंब पडत असतील तर सील गेलं.

एक मात्र पाळावं. गाडी नुसत्या जॅकवर उचलून कुणी खाली शिरू नये. स्प्रिंग काढण्याचा उद्योगही घरी करू नये. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाचा जीव घेऊ शकते.

गॅरेजमध्ये काय विचारायचं?

मिस्त्री चाक उचलतो आणि दोन दिशांनी हलवतो. वर-खाली धरून हलवल्यावर खेळ जाणवला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग, डाव्या-उजव्या कडेला धरून हलवल्यावर जाणवला तर टाय रॉड. बुश बघायला लोखंडी टॉमी घालून आर्म हलवावा लागतो. हे सगळं मालकाने समोर उभं राहून बघावं. चांगला मिस्त्री स्वतःच बोलावून दाखवतो. न दाखवता यादी देणाऱ्याला दाखवायला सांगण्यात काही गैर नाही.

पुढे चार प्रश्न महत्त्वाचे. शॉकअप जोडीने बदलणार का? एका बाजूला नवा आणि दुसरीकडे जुना असला की ब्रेक मारताना दोन्ही बाजू सारख्या वागत नाहीत, म्हणून एकाच धुरेवरचे दोन्ही बदलतात. शॉकअपबरोबर वरचं माउंट, बंप स्टॉप आणि धूळरोधक रबर तपासणार का? स्ट्रट उतरवलेलाच असतो, पुन्हा उतरवायची मजुरी वाचते. लोअर आर्मचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळणार का? गाडी हवेत लटकत असताना बोल्ट पक्के केले तर रबराचा बुश पीळ पडलेल्या अवस्थेत अडकतो आणि गाडी खाली आली की कायम ताणात राहतो. असा नवा बुश काही महिन्यांतच फाटू शकतो. "नवीन टाकला तरी परत गेला" ही तक्रार बऱ्याचदा इथे उगम पावते. आणि चौथा, काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट होणार का? टाय रॉड, आर्म किंवा स्ट्रट बदलल्यावर ते करायलाच हवं, नाहीतर नवे टायर महिन्याभरात कडेने झिजायला लागतात.

बिल घ्यावं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी बहुतेक भागांवर २८ टक्के होता. मूळ १,००० रुपयांचा भाग आधी १,२८० ला पडायचा, तो आता १,१८० ला पडायला हवा. पक्कं बिल नसेल तर ही सूट ग्राहकाला मिळाली की मधल्यामध्ये जिरली, ते कळायला मार्ग नाही. नकली भागांवरही बिल हाच उपाय. स्वस्त डुप्लिकेट बॉल जॉइंटने पाचशे रुपये वाचतात, पण तो निसटला तर चाक आडवं पडतं.

इथे एक विसंगती नोंदवायला हवी. कोल्हापूर आणि बेळगाव ही ओतकामाची आणि वाहनांच्या सुट्या भागांची नावाजलेली केंद्रं. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमबाग इथल्या भट्ट्यांतून आणि कारखान्यांतून देशभरच्या वाहन उद्योगाला माल जातो. गाड्यांचे भाग घडवणाऱ्या या पट्ट्यातच ते भाग लवकर मोडावेत असे रस्ते असावेत, हे दुर्दैवच.

आपणच लावलेली वाट

सगळा दोष रस्त्याचा नाही. काही सवयी आपल्याही नडतात.

सर्व्हिस सेंटरवर गाडी धुतल्यावर खालून डिझेल किंवा जळकं ऑइल फवारून घेण्याची पद्धत जुनी आहे. कुरकुर थांबते, गंज लागत नाही असं म्हणतात. चार दिवस कुरकुर थांबतेही. पण खनिज तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं, म्हणजे ज्या बुशला जपायचं त्याचंच आयुष्य कमी होतं. नुसत्या पाण्याने चिखल काढणं पुरेसं आहे.

दुसरी सवय, उंची वाढवण्यासाठी स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर ठोकून बसवणं. गाडी थोडी वर येते, पण स्प्रिंगचे काही वेढे काम करायचे थांबतात आणि तो भार उरलेल्या वेढ्यांवर, शॉकअपवर आणि माउंटवर जातो. डिकीत सीएनजीची टाकी, मागे तीन माणसं आणि वर कॅरियरवर सामान अशी गाडी गणपतीला किंवा जत्रेला घाट उतरते, तेव्हा मागचे शॉकअप आधीच तळाला टेकलेले असतात. खड्ड्याचा मार झेलायला त्यांच्याकडे जागाच उरत नाही.

तिसरी, खड्ड्यात ब्रेक दाबून गाडी घालणं. ब्रेक दाबला की पुढची स्प्रिंग दबते आणि त्याच क्षणी चाक खड्ड्याच्या कडेवर आदळतं. वेग आधी कमी करायचा आणि खड्ड्यात शिरताना ब्रेक सोडायचा. वेग दुप्पट झाला की आदळण्याची ऊर्जा चौपट होते, हे साधं गणित आहे. टायरमध्ये हवा कमी असेल तर रिम वाकते, जास्त असेल तर धक्का थेट वर जातो. दर पंधरा दिवसांनी हवा बघणं हे सस्पेन्शनचंच काम समजावं.

ज्यांचं पोट गाडीवर आहे

घरच्या गाडीवाल्याला हा खर्च टोचतो, पण धंद्याच्या गाडीवाल्याला तो बुडवू शकतो. बेळगावचा भाजीपाला रोज गोव्याला जातो. पहाटे निघालेल्या पिकअपला बाजार उघडायच्या आत पोहोचायचं असतं. एक घाट बंद झाला की गाड्या दुसऱ्या घाटात वळतात आणि तिथला रस्ता त्या वाढीव वजनाने आणखी खचतो. पाटा तुटला तर दिवसाचं भाडं गेलं, माल नासला तर त्याची भरपाई वेगळी. त्यामुळे चालक दुरुस्ती पुढे ढकलतो. पाट्यांच्या जोडीला आणखी एक पाटा चढवून वजन ओढतो. गाडी वजन घेते, पण रिकामी परतताना दगडासारखी आपटते आणि मागची चाकं ओल्या रस्त्यावर पकड सोडतात. ही फक्त चालकाची बेपर्वाई म्हणता येणार नाही. दरात दुरुस्तीचा खर्च धरलेला नसतो, हेही तिच्यामागचं कारण आहे.

विमा काय देतो?

अनेकांना वाटतं, फुल इन्शुरन्स आहे म्हणजे सगळं झालं. तसं नाही. वाहन विम्याच्या अटींत झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात. खड्ड्यात गाडी आपटून त्याच वेळी लोअर आर्म वाकला, रिम फुटली, तर तो अपघात म्हणून दावा करता येतो. दोन वर्षं रोज खड्डे खाऊन शॉकअप मेला, तर ती झीज.

दावा मंजूर झाला तरी रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे : तीन ते चार वर्षांच्या गाडीला २५ टक्के, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. झिरो डेप घेतलेल्यांना यात बराच दिलासा मिळतो. शिवाय १,५०० सीसीपर्यंतच्या कारला पहिले १,००० रुपये आणि त्यावरच्या कारला २,००० रुपये मालकालाच सोसावे लागतात. वर नो क्लेम बोनस जातो. त्यामुळे चार-पाच हजारांच्या कामासाठी कुणी दावा करत नाही, आणि दावाच होत नसल्यामुळे या नुकसानीची नोंदही कुठे राहत नाही. मोठा मार बसला असेल तर जागेवरच फोटो काढावेत, विमा कंपनीला दुरुस्तीच्या आधी कळवावं.

कोर्ट कुठपर्यंत आलं?

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. महाराष्ट्रातल्या यंत्रणांसाठी हे मोठं पाऊल आहे. पण बेळगाव, खानापूर, निपाणी हा भाग कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाखाली येतो. म्हणजे एकाच बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर शिनोळीच्या पलीकडे जखमी झालेल्याला या आदेशाचा आधार घेता येईल, बाचीच्या अलीकडे पडलेल्याला नाही. गाडीच्या झिजेचा तर विषयच वेगळा.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९८ अ हे कलम आलं. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. इथेही उंबरठा मृत्यू किंवा अपंगत्वाचाच.

टोलचा मुद्दा यापेक्षा पुढे सरकला आहे. केरळातल्या पालियेक्कारा टोलनाक्यावर, रस्त्याची दुरवस्था असताना लोकांकडून टोल घेता येणार नाही असं म्हणत केरळ उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये चार आठवडे वसुली थांबवली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात ढवळाढवळ केली नाही. रस्ता ही सेवा आहे आणि तिचे पैसे घेताना ती द्यावी लागते, एवढा अर्थ त्यातून निघतो. कोगनोळी आणि हत्तरगीच्या नाक्यांवर रोज टोल भरणाऱ्यांनी आणि त्यांच्या लोकप्रतिनिधींनी हा निकाल वाचायला हवा.

तपासणीचं यंत्र आहे, नजर कुठे आहे?

खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची असते. नूतनीकरणाच्या वेळी तपासणी होते, ती पुढे दर पाच वर्षांनी. तोवर सरकार फक्त धूर तपासतं, ते पीयूसीत. म्हणजे चौदा वर्षं जुन्या गाडीचा बॉल जॉइंट कसा आहे, हे अधिकृतपणे कुणीच बघितलेलं नसतं. व्यावसायिक वाहनांना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. त्यासाठी स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम केंद्राने २०२१ मध्ये आणले. अशा केंद्रावर सस्पेन्शन आणि सांध्यांमधला सैलपणा यंत्रावर तपासतात. हेच यंत्र खासगी गाड्यांना ऐच्छिक आणि स्वस्तात खुलं केलं, तर गॅरेजवर विसंबून राहणं कमी होईल.

जुन्या गाड्यांच्या बाजारालाही याची गरज आहे. सीमाभागात एमएच-०९ ची गाडी केए-२२ च्या गावात आणि गोव्याची गाडी चंदगडात विकली जाते. घेणारा एनओसी बघतो, बारा महिन्यांच्या आत नोंदणी बदलायची धावपळ करतो, कर्नाटकचा रोड टॅक्स मोजतो. खाली वाकून बुश मात्र कुणी बघत नाही. किनारपट्टीवर वावरलेल्या गाडीचा खालचा पत्रा, स्प्रिंगच्या बैठका आणि ब्रेकच्या नळ्या गंजलेल्या असू शकतात. रंग नवा, इंजिन चांगलं आणि खालचा सांगाडा कुजलेला, असा सौदा महागात पडतो. व्यवहाराआधी रॅम्पवर चढवून बघायचे पाच-सातशे रुपये हे सगळ्यात स्वस्त विमा आहेत.

मग व्हावं काय?

पहिलं, गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे लांबट आणि सौम्य. आपल्या गावागावांत रातोरात उभे राहणारे अरुंद, उंच, बिनरंगाचे उंचवटे या मापात बसत नाहीत. त्यांना मोठा निधी लागत नाही. एक टेप, एक यादी आणि तोडायची तयारी एवढंच लागतं. अपघातानंतर गाव चिडतं आणि गतिरोधक मागतं, ते समजण्यासारखं आहे. पण मागणी मापात पुरी व्हायला हवी.

दुसरं, दोषदायित्व. रस्त्याचं काम झाल्यावर ठरावीक काळ दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने करायची असते. कुठला तुकडा या मुदतीत आहे, ते माहितीच्या अधिकारात विचारता येतं. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ ही हेल्पलाइन आहे. तक्रार करताना किलोमीटरचा दगड, तारीख आणि फोटो असला की 'आमची हद्द नाही' हे उत्तर देणं अवघड जातं.

तिसरं, आणि सगळ्यात कठीण, तिन्ही राज्यांची एकत्र पाहणी. सीमाप्रश्न न्यायालयात आहे, तो सुटेल तेव्हा सुटेल. पण बाची-शिनोळीचा सांधा, कणकुंबीपुढची हद्द आणि अनमोडची वळणं मे महिन्यात तीन खात्यांच्या अभियंत्यांनी एकाच गाडीत बसून बघायला कुणाच्याही दाव्याला धक्का लागत नाही.

तोवर गाडीवाल्याने आपल्यापुरती शिस्त लावून घ्यावी : पावसाळ्याच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा सस्पेन्शनची तपासणी, दर पाच-सात हजार किलोमीटरला अलाइनमेंट, प्रत्येक कामाचं बिल एका फायलीत. वर्षाअखेरीस त्या बिलांची बेरीज करावी आणि जिल्हा परिषदेच्या, विधानसभेच्या उमेदवाराने दार ठोठावलं की ती पुढे ठेवावी. रस्त्यावर किती निधी आणला याचे आकडे ते सांगतीलच. त्या रस्त्याने किती पैसे खाल्ले, तो आकडा मतदाराकडे असेल.